बोइंग ७३७ चं खानदान : -१०० पासून मॅक्सपर्यंत, ओळख आणि दुखणी

मुळाकाठ (धागाकर्ता)

एअरबस ए३२० (७३७ चं प्रतिस्पर्धी विमान) च्या धाग्यावर ७३७ ची चर्चा इतकी लांबली की मूळ विषय बाजूलाच पडला, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर आकासा, स्पाइसजेट आणि एअर इंडिया एक्सप्रेसची जी ७३७ उतरतात, ती नावाने एक असली तरी त्यांच्यात पिढीचं अंतर असू शकतं.

आधी ठोकळ वंशावळ. पहिली पिढी -१०० आणि -२००. दुसरी -३००, -४००, -५००. हिलाच 'क्लासिक' म्हणतात. तिसरी -६०० ते -९००ईआर, म्हणजे 'नेक्स्ट जनरेशन', सगळे नुसतं एनजी म्हणतात. चौथी मॅक्स. आकडा मोठा म्हणजे विमान लांब असं समजू नका. क्लासिकमध्ये -५०० सगळ्यात आखूड (३१ मीटर), -३०० मधलं (३३.४) आणि -४०० सगळ्यात लांब (३६.४). एनजीत मात्र क्रम सरळ आहे : ३१.२, ३३.६, ३९.५, ४२.१. जुन्या गिऱ्हाइकाला त्याच मापाचं नवं विमान द्यायचं, हे बोइंगचं धोरण. -२०० च्या जागी -५०० आणि मग -६००, -३०० च्या जागी -७००, -४०० च्या जागी -८००.

आता मुद्द्याचं. ७३७ चे सगळे प्रकार, त्यांच्या खोडी आणि त्यांच्यावरचे इलाज एकाच गोष्टीतून निघतात : पाय आखूड आहेत. १९६५ मध्ये लुफ्तान्साच्या ऑर्डरवर कार्यक्रम सुरू झाला तेव्हा गिऱ्हाईक होतं लहान गावांचं. जिथे शिडीची गाडी नाही, बॅगा चढवायला पट्टा नाही, तिथे विमान जमिनीलगत हवं. पुढच्या दरवाज्याखालून घडीचा जिना बाहेर यायचा आणि पोटातला सामानाचा कप्पा माणसाच्या हाताच्या उंचीवर असायचा. तेव्हाचं जेटी८डी इंजिन म्हणजे जेमतेम मीटरभर व्यासाची लांब नळी, त्यामुळे ती पंखाखाली चिकटवली तरी जमिनीपासून भरपूर अंतर राहायचं. रुंदी ७०७ चीच, ३.७६ मीटर, एका रांगेत सहा खुर्च्या. ९ एप्रिल १९६७ ला पहिलं उड्डाण. -१०० फक्त ३० बनली, कारण युनायटेडने लगेच दोनेक मीटर लांब -२०० मागितलं आणि बाकीच्यांनी तेच उचललं.

पुढच्या साठ वर्षांत लांबी २८.७ मीटरवरून ४३.८ वर गेली. पाय मात्र जवळपास तेवढेच राहिले.

धानोरीकर

धागा आवडला. खालून बघून ओळखायची माझी पद्धत देतो. क्रम महत्त्वाचा आहे, उलटसुलट केलात तर फसाल.

पहिलं, चाकं. विमान डोक्यावरून जाताना पोटात दोन काळी वर्तुळं दिसली तर ७३७. मुख्य चाकांना झाकणंच नाहीत. चाक आत जातं आणि त्याची बाहेरची बाजू पोटाच्या पातळीत उघडी राहते, कडेने फक्त रबरी सील. ए३२० चं पोट पूर्ण बंद होतं. पिढी कुठलीही असो, ही खूण चुकत नाही.

दुसरं, इंजिन. पंखाच्या पुढे-मागे आरपार गेलेली बारीक नळी म्हणजे -२००. तोंड खालून चपटं म्हणजे क्लासिक. किंचित चपटं म्हणजे एनजी. मागच्या कडेला करवतीसारखे दाते म्हणजे मॅक्स.

तिसरं, पंखाचं टोक. इथे बरेच जण गंडतात. 'टोक वर आणि खाली दोन्हीकडे आहे, म्हणजे मॅक्स' हे चूक. २०१४ पासून एनजीवरही 'स्प्लिट सिमिटार' बसवता येतात, त्यातही खाली पातं असतं. शंका आली की परत इंजिनाचे दाते बघा. दाते नाहीत, तर मॅक्स नाही.

चौथं, पंखावरचे आणीबाणीचे दरवाजे. दर बाजूला एक असेल तर -२००, -३००, -५००, -६०० किंवा -७००. दोन असतील तर -४००, -८००, -९०० किंवा मॅक्स-८ च्या पुढचं. पंखाच्या मागे, शेपटीकडच्या दरवाज्याच्या बराच अलीकडे आणखी एक दार दिसलं तर -९००ईआर, मॅक्स-९, मॅक्स-१० किंवा आकासाकडचं मॅक्स-८-२००. ह्यातलं आपल्याकडे नेहमी दिसणारं शेवटचंच.

जुने फोटो लावत असाल तर आणखी एक खूण. कॉकपिटच्या मुख्य काचांच्या वर भुवयांसारख्या छोट्या काचा दिसल्या तर विमान बहुधा २००५ च्या आधीचं. नंतर कारखान्यातच त्या बंद झाल्या, आणि काही कंपन्यांनी जुन्या विमानांवरही पत्रा ठोकून बुजवल्या.

आणि पुण्यातल्या मंडळींना पुन्हा पुन्हा सांगतो : लोहगाव हवाई दलाचं आहे. धावपट्टीकडे लेन्स लावून कुंपणाशी उभे राहू नका. गच्चीवरून डोळ्यांनी बघा, वाघोलीकडून धावपट्टी २८ वर येताना छान दिसतात.

पेठेतला

सगळं खरं, पण ए३२० ला ह्यातलं काहीच करावं लागलं नाही. पाय उंच, इंजिन हवं तेवढं मोठं. साठ वर्षं एकच सांगाडा ताणत बसण्यापेक्षा नवीन विमान काढायला काय झालं होतं?

रिव्हेटवाला

पेठेतला, टोमणा रास्त आहे. पण 'काय झालं होतं' ह्याचं उत्तर दर पिढीला वेगळं आहे.

क्लासिकच्या वेळी प्रश्न होता आवाजाचा आणि इंधनाचा. जेटी८डी दोन्हीत वाईट. सीएफएम५६ इंजिन तयार होतं, पण त्याच्या मूळ -२ आवृत्तीचा तोंडाशी फिरणारा पंखा ६८.३ इंच, तो ह्या पायांखाली मावेना. म्हणून इंजिनाची -३ आवृत्ती काढली आणि पंखा ६० इंचांवर आणला. तरीही जागा अपुरी. मग दोन गोष्टी केल्या. इंजिन पंखाखालून काढून पंखाच्या पुढे आणि वर नेलं. आणि इंजिनाच्या तळाशी लोंबणारा गिअरबॉक्स, ज्यावर इंधनपंप, हायड्रॉलिक पंप आणि जनरेटर बसतात, तो बाजूला सरकवला. म्हणून ते तोंड खालून चपटं आणि बाजूने फुगीर. एवढं करून जमिनीपासून अंतर दीड फूट. -३०० चं पहिलं उड्डाण फेब्रुवारी १९८४, आणि २००० पर्यंत तिन्ही क्लासिक मिळून १,९८८ विमानं. बाजाराने उत्तर दिलं होतं, बोइंगने नवीन विमान कशाला काढावं?

एनजीत इंजिनाचा पंखा ६१ इंच, म्हणजे तिथे फारसं काही बदललं नाही. बदलला तो विमानाचा पंख. विस्तार २८.९ वरून ३४.३ मीटर, इंधन २६,००० लिटर, उंचीची मर्यादा ३७,००० वरून ४१,००० फूट, वेग माक (ध्वनीच्या वेगाच्या पटीत) ०.७४५ वरून ०.७८५. माझ्या मते ह्या घराण्यातलं सगळ्यात नीट केलेलं काम हेच. -८०० एकटं जवळपास पाच हजार बनलं ते उगाच नाही. -६०० फक्त ६९, त्याबद्दल एवढंच पुरे.

मॅक्सला लीप-१बी इंजिन, पंखा ६९.४ इंच. ए३२०निओच्या लीप-१ए चा ७८. म्हणजे पेठेतल्यांच्या ए३२० ला मोकळी जागा मिळाली आणि ७३७ ला त्याच जातीच्या इंजिनाची लहान आवृत्ती घ्यावी लागली. तीही बसवायला नाकाचं चाक ८ इंचांनी उंच केलं, इंजिन आणखी पुढे आणि वर नेलं. मॅक्स-१० ला तर उड्डाणाच्या वेळी साडेनऊ इंच ताणले जाणारे मुख्य पाय द्यावे लागले, नाहीतर शेपूट घासली असती.

रनवे_दहा

शेपटीवरून आठवलं. लोहगावच्या उन्हाळ्यात आखूड पाय आणि लांब अंग एकत्र आलं की काय होतं ते आकड्यांत मांडतो. हा हिशेब कुणीही वहीवर करू शकेल.

विमानतळ समुद्रसपाटीपासून १,९४२ फुटांवर. प्रमाण वातावरणात ह्या उंचीला तापमान ११ अंश असायला हवं. एप्रिलच्या दुपारी ४० आहे असं धरा, म्हणजे प्रमाणापेक्षा २९ अंश जास्त. दर अंशाला १२० फूट धरले की डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणामुळे विमानाला जाणवणारी उंची, ५,४०० फुटांच्या आसपास जाते. डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांना तीच २,०५० फूट. विमानतळ एकच, पण विमानाच्या दृष्टीने दोन वेगळे.

याचे तीन परिणाम होतात.

इंजिनाची ताकद. एनजीचं सीएफएम५६-७बी इंजिन प्रमाणापेक्षा १५ अंश जास्त तापमानापर्यंत पूर्ण ताकद देतं, पुढे ती उतरते. लोहगावच्या उंचीला ती सीमा २६ अंशांवर येते. म्हणजे मार्च ते मे सकाळी नऊनंतर तुम्ही उतरत्या ताकदीवरच आहात.

जमिनीवरचा वेग. ५,४०० फूट डेन्सिटी अल्टिट्यूडला कॉकपिटमधल्या काट्याने दाखवलेल्या वेगापेक्षा खरा वेग आठेक टक्के जास्त असतो. दाखवलेला १५० नॉट, तर जमिनीवर १६२. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे उड्डाण सोडून द्यायची वेळ आली तर ब्रेकवर १७ टक्के जास्त बोजा. टायरचीही मर्यादा असते, बहुतेक एनजीवर ताशी २२५ मैल.

आणि शेपूट. -८०० चे पाय पूर्ण ताणलेले असले तरी नाक ११ अंशांवर गेलं की शेपूट जमिनीला लागते. -९०० ला १० अंश. म्हणून नाक सेकंदाला दोन ते अडीच अंश, ह्यापेक्षा जोरात उचलायचं नाही. नाक कमी उचलायचं तर तेवढी उचल मिळायला वेग जास्त हवा, आणि वेग जास्त हवा तर धावपट्टी जास्त खाल्ली जाते. लोहगावची धावपट्टी अडीच किलोमीटरच्या आसपास, आणि हवाई दलाची असल्यामुळे वाढवणं आपल्या हातात नाही.

उपाय म्हणजे फ्लॅप, पंखाच्या मागच्या कडेची खाली उतरणारी पाती. फ्लॅप ५ ऐवजी १५ लावले की कमी वेगात उड्डाण, शेपटीलाही मोकळीक. पण एक इंजिन गेलं तर चढण्याचा उतार बिघडतो. म्हणून उन्हाळ्यात कधी धावपट्टी आड येते, कधी चढण. दोन्हीत जे वजन कमी येईल तेच खरं. लांब पल्ल्याचं विमान भर दुपारी भरून निघत नाही, त्यामागे वेळापत्रक नसतं, हे गणित असतं.

मुळाकाठ

ह्याला जोडूनच. औरंगाबादला २६ एप्रिल १९९३ ला इंडियन एअरलाइन्सचं -२०० भर दुपारी भरलेलं निघालं, नाक उशिरा उचललं गेलं आणि धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठींच्या ट्रकला चाक लागलं. ५५ माणसं गेली. चौकशीत नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलल्याचं आलं, तसंच रस्त्यावरची रहदारी न अडवल्याचंही. वरचं गणित आणि कुंपणाबाहेरचा रस्ता, दोन्ही एकाच वेळी अंगावर आले.

पुण्याचं उलट उदाहरणही ह्याच घराण्यातलं आहे. लुफ्तान्साच्या नावाने चालणारी पुणे–फ्रँकफर्ट सेवा प्रायव्हेटएअर चालवायची, आणि काही वर्षं ती बीबीजेवर होती. बीबीजे म्हणजे -७०० चं अंग आणि -८०० चा मजबूत पंख व पाय. आखूड अंग असल्याने शेपटीची भीती कमी, मोठा पंख असल्याने उचल चांगली, आणि सामानाच्या कप्प्यात जादा टाक्या, नऊपर्यंत. लोहगावसाठी ह्याहून चपखल जुळणी ह्या घराण्यात सापडणार नाही. गिऱ्हाईक बिझनेस क्लासचं, म्हणजे माणसं कमी, वजन कमी.

सौ_विंडोसीट

मला एक साधा प्रश्न आहे. एक्झिट रो मिळाली की हवाई सुंदरी 'दार उघडता येईल ना' विचारते आणि आपण मान डोलावतो. प्रत्यक्षात सगळ्या ७३७ मध्ये ते दार सारखंच उघडतं का?

रिव्हेटवाला

नाही, आणि हा फरक माहीत असायला हवा.

-२०० आणि क्लासिकमध्ये ते दार नव्हे, सुटं झाकण आहे. वरची मूठ ओढली की ते आत, तुमच्या मांडीवर येतं. वजन वीस-बावीस किलो. ते आडवं करून बाहेर फेकायचं. २२ ऑगस्ट १९८५ ला मँचेस्टरला -२०० च्या इंजिनाचा ज्वलनकक्ष फुटला, तुकड्याने पंखातल्या टाकीचं झाकण फोडलं आणि आग लागली. तेव्हा उजव्या बाजूचं असं झाकण प्रवाशाच्या अंगावर पडून अडकलं आणि मोलाचे क्षण गेले. ५५ मृत्यू, बहुतेक धुराने.

एनजी आणि मॅक्समध्ये दार वर बिजागरीला आहे. मूठ ओढली की स्प्रिंगने स्वतःच बाहेर आणि वर उघडतं. हातात काही येत नाही. उड्डाणात ते आपोआप कुलूपबंद राहतं, त्यामुळे शेजारच्याने चुकून मूठ ओढली तर काय, ही काळजी नको. मूठ ओढायच्या आधी खिडकीतून बाहेर बघा. त्या बाजूला आग असेल तर उघडायचं नाही, दुसऱ्या बाजूला जायचं. बाहेर पडल्यावर पंखाच्या मागच्या कडेने, उतरलेल्या फ्लॅपवरून घसरायचं. पुढच्या बाजूने नाही, तिकडे इंजिन आहे.

धानोरीकर

दरवाज्यांवरूनच जागांची मर्यादा ठरते हेही लिहा कुणीतरी. -९०० हे -८०० पेक्षा अडीच मीटर लांब असूनही १८९ च्या वर माणसं नेता येत नव्हती, कारण दरवाजे तेवढेच. म्हणून ते फक्त ५२ विकलं गेलं. -९००ईआरमध्ये पंखामागे एकेक दार जोडलं, मागची दाबभिंत घुमटाऐवजी सपाट करून खुर्च्यांना जागा काढली, मर्यादा २२० वर गेली आणि पाचशेच्या वर विमानं खपली.

रिव्हेटवाला

हो, आणि ज्या कंपन्या जास्त खुर्च्या लावत नाहीत त्यांच्याकडे त्या दाराच्या जागी डोअर प्लग बसतो. आतून साधी भिंत दिसते. तो बारा जागी थांब्यांना टेकून आतल्या दाबाने घट्ट बसतो. पण वर सरकू नये म्हणून चार बोल्ट लागतात. ते नसले तर दर उड्डाणात थोडा थोडा वर सरकतो आणि थांब्यांतून निसटला की दाबच त्याला बाहेर ढकलतो. ५ जानेवारी २०२४ ला अलास्का एअरलाइन्सच्या मॅक्स-९ मध्ये हेच झालं, सुमारे १४,८०० फुटांवर. कारखान्यात शेजारचे रिव्हेट दुरुस्त करायला प्लग उघडला होता, आणि बोल्ट परत बसवलेच नव्हते. आराखड्यात खोट नव्हती. काम झाल्याची नोंद नसली की तपासणारा काय तपासणार?

पेठेतला

दुखण्यांची यादी द्याच एकदा. एकत्र वाचायला आवडेल.

रिव्हेटवाला

यादी नको, ज्या त्या प्रकाराची जी खास दुखणी ती देतो.

पहिल्या -२०० ची : पत्र्याचे सांधे. सुरुवातीच्या विमानांत पत्र्यावर पत्रा चढवून थंड अवस्थेत चिकटवायची पद्धत होती. चिकटवणं नीट धरलं नाही की ओल आत जाते, गंज धरतो आणि सगळा भार रिव्हेटच्या भोकांवर येतो. प्रत्येक उड्डाणात केबिन फुगते आणि बसते, भोकाभोवती बारीक चिरा पडतात, आणि शेजारशेजारच्या चिरा एक दिवस जुळतात. २८ एप्रिल १९८८ ला अलोहा एअरलाइन्सच्या विमानाचं सुमारे साडेपाच मीटर छप्पर उडालं. त्याची ८९,६८० उड्डाणं झाली होती, तीही हवाई बेटांतली छोटी छोटी, खाऱ्या हवेत. ह्यातून शिकायचं ते असं की जुनेपण तासांत नाही, उड्डाणांच्या संख्येत मोजायचं.

-२०० आणि क्लासिकची : रडर. शेपटीचं पातं हलवणाऱ्या एकाच हायड्रॉलिक युनिटात एकात एक दोन स्लाइड असलेला व्हॉल्व्ह होता. बाहेरची स्लाइड अडकली आणि वैमानिकाने पाय जोरात दाबला तर रडर उलट बाजूला जाऊ शकत होतं. १९९१ चा कोलोरॅडो स्प्रिंग्जचा आणि १९९४ चा पिट्सबर्गचा अपघात ह्यातला. थंड व्हॉल्व्हमध्ये एकदम गरम तेल सोडून प्रयोग केले तेव्हा हा अडकण्याचा प्रकार हाती लागला. नंतर यंत्रणाच बदलली, २००८ पर्यंत सगळ्यांवर.

-४०० ची : इंग्लंडमधला केगवर्थचा अपघात, ८ जानेवारी १९८९. डाव्या इंजिनाच्या पंख्याचं पातं तुटलं आणि उजवं बंद केलं गेलं. कंप दाखवणारे नवे डायल अगदी लहान, कुणाचं लक्ष जाईना. शिवाय धूर कुठल्या इंजिनाचा, ह्याचा जुना आडाखा नव्या विमानाला लागू नव्हता. ४७ मृत्यू.

सगळ्या क्लासिकची : एकच भोंगा. जमिनीवर 'उड्डाणाची मांडणी चुकली' आणि हवेत 'केबिनचा दाब गेला', दोन्हीला आवाज एकच. हेलिओस एअरवेजचा अपघात, ऑगस्ट २००५, -३००. आदल्या तपासणीत दाबाचा खटका मॅन्युअलवर राहिला होता. भोंगा वाजला तेव्हा तो मांडणीचा समजला गेला, आणि वैमानिक बेशुद्ध पडले तरी विमान चढत राहिलं. त्यानंतर वेगळा दिवा आला.

एनजीची : पिकल फोर्क. पंखाला अंगाशी जोडणारा दुबेळक्या आकाराचा भाग, ९०,००० उड्डाणं टिकेल असा हिशेब. २०१९ मध्ये मालवाहू रूपांतर करताना चीनमध्ये भेगा सापडल्या, त्याही ह्याच्या निम्म्याहून कमी वयात. ३०,००० च्या वर उड्डाणं झालेल्यांना सात दिवसांत तपासणीचा हुकूम निघाला होता.

रनवे_दहा

मॅक्सचं मी घेतो, कारण त्यावर अर्धवट माहिती फार फिरते.

इंजिन पुढे आणि वर गेलं. नाक फार वर गेलं की त्या मोठ्या कवचालाच उचल मिळायला लागते आणि नाक आणखी वर जायला बघतं. दांडा ओढताना जो जोर लागायला हवा तो हलका होतो, आणि हे नियमात बसत नाही. म्हणून एमकॅस ही आपोआप चालणारी यंत्रणा : फ्लॅप आत, ऑटोपायलट बंद, कोन जास्त, तर शेपटीचा आडवा पंख फिरवून नाक खाली. 'विमान आपोआप पडत होतं म्हणून एमकॅस लावलं' असं जे लिहिलं जातं ते बरोबर नाही.

चूक अंमलबजावणीत होती. सुरुवातीच्या कागदपत्रांत ०.६ अंशाची हालचाल, प्रत्यक्षात २.५ अंश. दोन संवेदकांपैकी एकाचंच ऐकायचं. वैमानिकाने ट्रिम (त्या आडव्या पंखाचा कोन) उलट केला की पाच सेकंदांनी पुन्हा सुरू, कितीही वेळा. आणि पुस्तिकेत नावही नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये लायन एअर, मार्च २०१९ मध्ये इथिओपियन, दोन्ही मिळून ३४६ माणसं.

बंद करायचे दोन खटके मधल्या कन्सोलवर असतात. एनजीत एक ऑटोपायलटचा आणि एक मुख्य विजेचा, म्हणजे आपोआप चालणारं तोडून बोटाखालचं बटण चालू ठेवता यायचं. मॅक्समध्ये दोन्ही खटके सगळंच तोडतात. मग उरतं हाताने फिरवायचं चाक. वेग जास्त आणि ट्रिम खूप बिघडलेला असेल तर हवेच्या दाबाने ते हलतच नाही. म्हणून आधी विजेच्या बटणाने शक्य तेवढं परत आणायचं, आणि मग तोडायचं. हा क्रम फार महत्त्वाचा.

आता दोन्ही संवेदक ताडून बघतात. ५.५ अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर एमकॅस गप्प. एकदाच चालतं, आणि दांड्याने मात करता येणार नाही इतकं कधीच नाही. आपल्याकडे डीजीसीएने मॅक्स पुन्हा उडवायला ऑगस्ट २०२१ मध्ये परवानगी दिली.

कमी चर्चेतली दुसरी गोष्ट : लीप-१बी च्या तोंडाची कड तापवणारी बर्फरोधक यंत्रणा. कोरड्या हवेत पाच मिनिटांपेक्षा जास्त चालू राहिली तर कंपोझिटचं कवच जास्त तापू शकतं. मॅक्स-७ साठी मागितलेली सवलत बोइंगने जानेवारी २०२४ मध्ये मागे घेतली ती ह्यासाठीच.

मुळाकाठ

भारतातली थोडक्यात नोंद, शोधणाऱ्यांसाठी. -२०० इंडियन एअरलाइन्सकडे, नंतर अलायन्स एअरकडे, मालवाहू रूपात ब्लू डार्टकडे. क्लासिकने जेट एअरवेजची १९९३ मध्ये सुरुवात झाली. -८०० स्पाइसजेट आणि एअर इंडिया एक्सप्रेस, दोन्ही २००५ पासून. मॅक्स घेऊन आकासा ऑगस्ट २०२२ मध्ये उतरली, तिची पहिली ऑर्डर ७२ ची, त्यात जास्त मॅक्स-८-२००. हवाई दलाकडे पालमला बीबीजे. आणि नौदलाचं पी-८आय : -८०० चं अंग, -९०० चा पंख, टोकाला वर वळलेल्या विंगलेटऐवजी मागे झुकलेलं निमुळतं टोक. २०१३ मध्ये अरक्कोणमला आलं, आता गोव्यालाही आहे.

पेठेतला

पी-८आय बद्दल माहीत नव्हतं. ब्रेकबद्दल कुणी लिहिलं नाही अजून.

रनवे_दहा

एनजीवर २००८ पासून कार्बन ब्रेकचा पर्याय आहे. स्टीलपेक्षा अडीचशे ते तीनशे किलो हलके. वापरायची पद्धत मात्र उलटी. स्टीलची झीज उष्णतेवर, म्हणून हलके हलके दाबायचे. कार्बनची झीज किती वेळा दाबले ह्यावर, म्हणून एकदाच ठाम दाबून सोडायचे. टॅक्सी करताना दर वळणावर टोचत बसणारा वैमानिक कार्बन जास्त खातो. उतरल्यावर वेळ कमी असेल तर ब्रेक थंड झाले का हे तक्त्यावरून बघूनच निघायचं, कारण गरम ब्रेकवर पुन्हा उड्डाण सोडून द्यावं लागलं तर चाकातले फ्यूज प्लग वितळून टायर बसतात. पुण्याच्या उन्हाळ्यात पंचवीस मिनिटांची फेरी ठेवली की हे आडवं येतं.

सौ_विंडोसीट

शेवटचं विचारते. खिडकी मागितली आणि आकासात भिंत मिळाली असं एकीने सांगितलं. असं असतं का?

धानोरीकर

असतं. एसीचे डबे पोटात, पंखाच्या मध्याखाली. तिथून थंड हवा छताकडे नेणारी नळी पंखाच्या थोडं पुढे भिंतीतून वर जाते, म्हणून त्या जागी खिडकी कापलेलीच नाही. रायनएअरच्या -८०० वर ती जागा ११ए. आपल्याकडच्या कंपन्यांची रांग खुर्च्यांच्या मांडणीप्रमाणे एक-दोन पुढेमागे होते, पण डाव्या बाजूच्या दहा ते बारा रांगांतली ए सीट घेताना नकाशा नीट बघा. एरोब्रिजऐवजी बसने नेलं तर चढायच्या आधी बाहेरूनच दिसेल : खिडक्यांच्या ओळीत एक मोकळी जागा.